एअर प्युरिफायर घेताना नेमके काय पाहायचे? खोक्यावरचे दावे आणि खोलीतले गणित

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर अशा शहरांत सकाळी समोरची इमारत पुसट दिसू लागते. घरात कोणाला दमा असेल, लहान मुलाचा खोकला महिनाभर हटत नसेल, तर एअर प्युरिफायरचा विषय निघतोच. मोबाइल उघडला की पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंतची यंत्रे दिसतात. प्रत्येकाच्या खोक्यावर '९९.९७ टक्के' लिहिलेले असते. मग किमतीत दहापट फरक कशाचा?

चुकीचे यंत्र घेतले तर पैसे जातात, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. कोपऱ्यात निळा दिवा लागलेला असतो, घरच्यांना वाटते हवा स्वच्छ आहे, आणि खोलीतली हवा प्रत्यक्षात फारशी बदललेली नसते. दम्याच्या रुग्णाच्या घरात हा गैरसमज महागात पडू शकतो. म्हणून खरेदीआधी चार-पाच गोष्टी समजून घेणे गरजेचे आहे.

हवेत नेमके काय असते?

प्युरिफायर मुख्यतः एकाच शत्रूसाठी बनलेला असतो, तो म्हणजे पीएम २.५. हवेतल्या ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, त्यांना हे नाव आहे. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती बारीक आहेत याची कल्पना येते. मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते. पीएम २.५ मात्र फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जाते आणि त्यातले सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम, तर वर्षाच्या सरासरीला ५ मायक्रोग्रॅम आहे. भारताची राष्ट्रीय मानके अनुक्रमे ६० आणि ४० आहेत. भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांक १०० असणे म्हणजे पीएम २.५ साठी हेच ६० मायक्रोग्रॅम.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. काही ॲप अमेरिकी पद्धतीचा निर्देशांक दाखवतात. त्या पद्धतीत ६० मायक्रोग्रॅमच्या त्याच हवेचा आकडा १५० च्या पुढे जातो. एकाच शहराचे, एकाच वेळचे दोन वेगळे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. निर्देशांकापेक्षा पीएम २.५ चा मायक्रोग्रॅममधला आकडा पाहिला तर गोंधळ होत नाही.

प्रदूषण फक्त बाहेरूनच येते असेही नाही. फोडणी, तळण, उदबत्ती, धूप, सिगारेट आणि डासांची कॉइल हे घरातलेच स्रोत आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक डासांची कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ बाहेर पडते, असे आढळले होते. रात्रभर कॉइल लावून शेजारी प्युरिफायर चालवणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणे.

आधी फुकटचे उपाय

प्रत्येक घराला प्युरिफायर लागतोच असे नाही. पावसाळ्यात पाऊस हवा धुऊन काढतो. कोकण किनाऱ्यावरच्या किंवा गोव्यातल्या मोकळ्या वस्तीत, जिथे वारा खेळतो आणि जवळ कारखाना किंवा मोठा रस्ता नाही, तिथे यंत्र वर्षातले बहुतेक महिने नुसते उभे राहील.

गरज खरी असते ती दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांना, लहान मुलांना, वृद्धांना, गरोदर महिलांना. आणि ज्यांचे घर महामार्गाला, बांधकामाला, कचरा जाळण्याच्या जागेला किंवा भट्टीला लागून आहे त्यांना.

यंत्र घ्यायचे असो वा नसो, काही गोष्टी आधी कराव्यात. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी चालू ठेवावी. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. उदबत्ती लावायचीच असेल तर खिडकी उघडी ठेवावी. ज्या घरात धूर होतो, तिथे धूर कमी करणे हाच सर्वांत स्वस्त प्युरिफायर आहे.

'हेपा' म्हणजे काय?

हेपा फिल्टर म्हणजे अतिशय बारीक तंतूंचा, घड्या घातलेला कागदासारखा जाड थर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी असे फिल्टर विकसित झाले. अमेरिकी व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवेल तोच हेपा. युरोपीय मानकात एच १३ या श्रेणीची मर्यादा ९९.९५ टक्के आणि एच १४ ची ९९.९९५ टक्के आहे.

०.३ मायक्रॉनच का? कारण याच्या आसपासचा कण पकडायला सर्वांत अवघड असतो. त्याहून मोठे कण वळणावर तंतूंवर आदळून अडकतात. त्याहून खूप बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे फिरतात आणि फिरता फिरता तंतूला चिकटतात. मधल्या आकाराचे कण दोन्हींतून निसटू पाहतात. म्हणजे हेपा चाळणीसारखा काम करत नाही आणि ०.३ पेक्षा लहान कण त्यातून सुटतात हा समज चुकीचा आहे.

खोक्यावर 'हेपा टाइप', 'हेपासारखा' किंवा 'हेपा तंत्रज्ञान' असे लिहिले असेल तर सावध व्हावे. या शब्दांना कोणतेही ठरलेले प्रमाण नाही. 'खरा हेपा' किंवा 'एच १३' असे स्पष्ट लिहिलेले असावे. 'सात टप्प्यांची गाळणी' हाही असाच भपका आहे. टप्पे मोजून हवा शुद्ध होत नाही. धूळ अडवणारी जाळी, हेपा आणि हवा असल्यास कार्बन, एवढे तीन थर घरासाठी पुरेसे असतात.

खरा आकडा: सीएडीआर

९९.९७ टक्के हा आकडा फिल्टरमधून गेलेल्या हवेबद्दल असतो. खोलीतली किती हवा फिल्टरमधून जाते, हे तो सांगत नाही. एखाद्या छोट्याशा यंत्रात उत्तम हेपा बसवला, पण पंखा दुबळा असला, तर थोडीशी हवा अगदी स्वच्छ होईल आणि बाकीची तशीच राहील.

म्हणून सीएडीआर पाहायचा. यंत्र दर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा खोलीत सोडते, याचे हे माप आहे. फिल्टरची कार्यक्षमता आणि पंख्याची ताकद, दोन्ही त्यात येतात. काही कंपन्या हा आकडा मिनिटाला घनफूट या एककात देतात. त्याला १.७ ने गुणले की तासाला घनमीटर मिळतात.

आता खोलीचे गणित. समजा बेडरूम १० बाय १२ फुटांची आहे आणि छत १० फुटांवर आहे. म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर हवा. खोलीतली सगळी हवा तासाला पाच वेळा गाळली जावी हे चांगले उद्दिष्ट मानले जाते. ३४ गुणिले ५ म्हणजे १७०. या खोलीला तासाला १७० घनमीटर सीएडीआरचे यंत्र लागेल. २०० चौरस फुटांचा हॉल असेल तर ५७ घनमीटर हवा, म्हणजे जवळपास २८५ सीएडीआर.

घाईत लक्षात ठेवायला सोपा नियम असा: छत १० फुटांचे असेल तर खोलीचे चौरस फूट गुणिले १.४ म्हणजे लागणारा सीएडीआर. १२० चौरस फुटांना १६८, २०० चौरस फुटांना २८०. हिशेब जवळजवळ तोच येतो.

अमेरिकेतील घरगुती उपकरण उत्पादकांची संघटना असाच नियम सांगते. धुरासाठीचा सीएडीआर, मिनिटाला घनफुटांत, खोलीच्या चौरस फुटांच्या किमान दोन-तृतीयांश असावा. तो हिशेब ८ फुटांच्या छताचा आहे. आपल्याकडची छते सहसा त्याहून उंच असतात, त्यामुळे इथे थोडे जास्तच लागते.

'५०० चौरस फुटांसाठी' हा दावा कुठून येतो?

जाहिरातीत सीएडीआर बारीक अक्षरात आणि 'इतक्या चौरस फुटांसाठी' हे ठळक अक्षरात असते. हा दुसरा आकडा कंपनीने हवा तासाला किती वेळा गाळली जाईल असे धरले यावर ठरतो. ३०० सीएडीआरचे यंत्र, १० फुटांचे छत. तासाला पाच वेळा धरले तर ते साधारण २१० चौरस फुटांना पुरते. दोनच वेळा धरले तर तेच यंत्र ५३० चौरस फुटांचे होते. यंत्र बदलत नाही, फक्त भागाकार बदलतो.

दुकानदाराने किंवा संकेतस्थळाने सीएडीआर सांगितलाच नाही तर ते यंत्र न घेणे बरे.

रात्री काय होते?

सीएडीआर यंत्राच्या सर्वाधिक वेगावर मोजलेला असतो. त्या वेगावर यंत्राचा आवाज बहुधा ५० डेसिबलच्या पुढे जातो. तेवढ्या आवाजात झोप लागणे कठीण. मग घरचे लोक 'स्लीप मोड' लावतात. पंखा मंदावतो, आवाज जातो आणि स्वच्छ हवेचा पुरवठाही काही यंत्रांत एक-तृतीयांशावर किंवा त्याहून खाली येतो. म्हणजे दमेकरी मूल ज्या आठ-नऊ तासांत सर्वाधिक श्वास त्या खोलीत घेते, त्याच वेळी यंत्र सर्वांत कमी काम करत असते.

उपाय सोपा आहे. गणितातून आलेल्या आकड्यापेक्षा मोठे यंत्र घ्यावे आणि मधल्या वेगावर चालवावे. १७० ची गरज असेल तर २५० ते ३०० सीएडीआरचे यंत्र मध्यम वेगावर शांतपणे तेवढे काम करू शकते. शक्य असल्यास प्रत्येक वेगाचा वेगळा सीएडीआर आणि आवाज कंपनीला विचारावा.

वास आणि वायूंचे काय?

हेपा कण अडवतो, वायू नाही. रंगाचा, नव्या फर्निचरचा किंवा धुराचा वास कमी करायला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. कार्बनच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत वायूचे रेणू चिकटून बसतात. पण किती वायू सामावेल हे कार्बनच्या वजनावर ठरते. जाळीवर भुरभुरलेली काळी पूड थोड्याच दिवसांत भरून जाते. वास हीच मुख्य तक्रार असेल तर दाणेदार कार्बन भरपूर असलेले यंत्र पाहावे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. घरगुती प्युरिफायर कार्बन मोनॉक्साइड काढत नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझर, बंद खोलीत पेटवलेली शेगडी किंवा कोळसा यांतून येणारा हा वायू जीवघेणा असतो. त्याला वासही नसतो. त्याच्यावर उपाय खेळती हवा हाच. तसेच प्युरिफायर ऑक्सिजन तयार करत नाही आणि श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइडही घालवत नाही.

आयन, ओझोन आणि जांभळा दिवा

काही यंत्रे फिल्टरशिवाय 'आयन' सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करतात. विद्युतभारित कण भिंतीला, पडद्याला चिकटतात खरे, पण ते घरातच राहतात. शिवाय अशा काही यंत्रांतून ओझोन तयार होतो. ओझोन श्वसनमार्गाला त्रास देतो आणि दम्याचा झटका आणू शकतो. ओझोन सोडणारी यंत्रे घरात वापरू नयेत, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. कॅलिफोर्निया राज्यात तर २०१० पासून घरगुती प्युरिफायरमधून ०.०५० पीपीएमपेक्षा जास्त ओझोन निघता कामा नये असे बंधन आहे.

यंत्रात आयनायझर असेलच तर तो बंद करण्याचे वेगळे बटण असावे. अतिनील दिव्याचेही तसेच. जंतू मारायला पुरेशी तीव्रता आणि पुरेसा वेळ लागतो. वेगाने वाहणाऱ्या हवेला छोट्या दिव्यासमोर तेवढा वेळ मिळत नाही. या एका सुविधेसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

किंमत एकदाच, फिल्टर दरवर्षी

यंत्राची किंमत म्हणजे फक्त सुरुवात. हेपा फिल्टर वापरानुसार साधारण सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो. समजा एक यंत्र ८ हजारांचे आहे आणि त्याचा फिल्टर साडेतीन हजारांचा. दुसरे १२ हजारांचे, फिल्टर दीड हजारांचा. दरवर्षी एकदा फिल्टर बदलला तर पाच वर्षांत चार फिल्टर लागतील. पहिल्याचा एकूण खर्च २२ हजार, दुसऱ्याचा १८ हजार. स्वस्त वाटलेले यंत्र महाग पडले.

विजेचा खर्च त्या मानाने कमी असतो. ४० वॉटचे यंत्र रोज दहा तास चालले तर महिन्याला १२ युनिट. १० रुपये युनिट धरले तर १२० रुपये.

म्हणून यंत्र घेण्याआधी फिल्टरची किंमत आणि तो आपल्या गावात मिळतो का, हे दोन्ही तपासावे. बाहेरची जाळी दोन आठवड्यांनी झटकावी किंवा कंपनीने सांगितले असल्यास धुवावी. हेपा मात्र धुऊ नये. पाण्याने त्याचे तंतू खराब होतात आणि दिसायला स्वच्छ झालेला फिल्टर कामातून जातो.

खिडकी उघडी की बंद?

यंत्र कितीही चांगले असले तरी उघड्या खिडकीपुढे त्याचे फार चालत नाही. ढोबळ गणित पाहा. बाहेर पीएम २.५ चा आकडा १२० आहे. दारे-खिडक्या बंद असताना फटींतून तासाला एकदा खोलीभर हवा आत येते आणि यंत्र पाच वेळा गाळते, तर आतला आकडा २० च्या आसपास स्थिरावेल. खिडकी उघडून तासाला दहा वेळा बाहेरची हवा येऊ लागली, तर त्याच यंत्रासह आतला आकडा ८० राहील.

पण खिडकी कायमची बंद ठेवणेही योग्य नाही. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर तिच्यातच कोंडतो. दुपारी ऊन तापले की हवा वर-खाली मिसळते आणि प्रदूषण बहुधा कमी होते. त्यामुळे दुपारी खिडक्या उघडाव्यात, संध्याकाळी बंद करून यंत्र लावावे. जवळच्या केंद्राचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर किंवा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' सेवेवर पाहता येतात.

एकच यंत्र परवडत असेल तर ते हॉलमध्ये नव्हे, झोपायच्या खोलीत ठेवावे. कपाटामागे, पडद्याआड किंवा कोपऱ्यात दाबून ठेवू नये. हवा आत घेण्याच्या बाजूला फूट-दीड फूट मोकळी जागा असावी. यंत्रावर दिसणारा आकडा यंत्राजवळच्या हवेचा असतो, तो पलंगाजवळच्या हवेचा असेलच असे नाही.

तीन गैरसमज

पहिला, एसी असेल तर प्युरिफायर नको. स्प्लिट एसीची जाळी मोठी धूळ अडवते, पीएम २.५ तिच्यातून आरपार जाते. एसी खोलीतलीच हवा फिरवतो.

दुसरा, कुंडीतली झाडे हवा शुद्ध करतात. हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग लहान बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खिडकीतून सहज होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील असा हिशेब निघाला. झाडे डोळ्यांना सुख देतात, तेवढ्यासाठी जरूर लावावीत.

तिसरा, प्युरिफायर आला की औषध बंद. गादीतले धूळकिडे, भिंतीची ओल, बुरशी यांना यंत्र हात लावू शकत नाही. दम्याचा पंप आणि डॉक्टरांचा सल्ला सुरूच राहायला हवा.

बजेट कमी असेल तर

मुळात प्युरिफायर म्हणजे पंखा आणि फिल्टर. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या कल्पनेतून चौकोनी पंख्याला चार-पाच फिल्टर चिकटवून बनवलेला खोका लोकप्रिय झाला, तो याच तत्त्वावर. झगमगीत स्क्रीन, मोबाइल ॲप, आवाजाने चालणारी सोय यांतले काहीही हवा गाळत नाही. पैसे कमी असतील तर या सोयी सोडाव्यात, सीएडीआर सोडू नये.

खरेदीपूर्वी हे तपासावे

– ज्या खोलीत यंत्र ठेवायचे, तिचे चौरस फूट मोजून १.४ ने गुणावे. सीएडीआर त्याहून जास्त आहे का?
– फिल्टर 'खरा हेपा' किंवा 'एच १३' आहे का?
– मधल्या वेगावर आवाज किती?
– नवा फिल्टर कितीला, कुठे आणि किती महिन्यांनी?
– यंत्र ओझोन सोडत नाही ना? आयनायझर बंद करता येतो का?
– वासासाठी घेत असल्यास कार्बनचे वजन किती?

या सहा प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडे नसतील, तर सवलत कितीही मोठी असली तरी थांबलेले बरे. यंत्र आल्यावर पहिल्या रात्री दारे-खिडक्या लावून ते मधल्या वेगावर चालवावे, कॉइल आणि धूप बाजूला ठेवावेत. पुढच्या काही आठवड्यांत घरातला खोकला, रात्रीची धाप कमी होते का याची साधी नोंद वहीत ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. यंत्रावरचा निळा दिवा जे सांगू शकत नाही, ते ही वही सांगेल.